एकाच राज्यात दोन गव्हर्नर? चिकसॉ नेशन आणि बिल अनोआटबी, सोप्या भाषेत

डॅलसमधली आपली मराठी मंडळी आय-३५ हायवेने उत्तरेला निघाली की सव्वा-दीड तासात रेड रिव्हर लागते, पूल ओलांडला की टेक्सस संपतं, ओक्लाहोमा सुरू होतं आणि थॅकरविल नावाच्या छोट्याशा गावापाशी विनस्टार हा अवाढव्य कॅसिनो दिसायला लागतो, जगातल्या सगळ्यात मोठ्या कॅसिनोंपैकी एक. बघणाऱ्याला वाटतं लास व्हेगासच्या कुठल्यातरी बड्या कंपनीचा असणार. तो आहे एका आदिवासी सरकारचा, चिकसॉ नेशनचा. त्या सरकारच्या प्रमुखाला गव्हर्नर म्हणतात आणि १९८७ पासून आजपर्यंत तो गव्हर्नर एकच माणूस आहे, बिल अनोआटबी.

मग साहजिक प्रश्न पडतो की ओक्लाहोमाला तर केव्हिन स्टिट नावाचा निवडून आलेला गव्हर्नर आहेच, मग हा दुसरा कोण आणि कशाचा? त्यात २०२० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला आणि 'अर्धं ओक्लाहोमा आदिवासींचं' अशा अर्थाच्या बातम्या फिरल्या, त्यामुळे गोंधळ अजूनच वाढला. म्हणून हा विषय मुळापासून बघूया, आणि अनोआटबींच्या आयुष्यातूनच बघूया, कारण माझ्या मते या माणसाचं काम समजलं की अमेरिकेतली आदिवासी सरकारं कशी चालतात हे आपोआप समजतं.

आधी हे सरकार म्हणजे नक्की काय ते बघू

अमेरिकेत सरकारं दोन थरांची असतात असं आपण धरून चालतो, वॉशिंग्टनमधलं फेडरल सरकार आणि प्रत्येक राज्याचं सरकार. पण तिसरा थर आहे, आदिवासी जमातींची सरकारं, आणि फेडरल सरकारने मान्यता दिलेल्या अशा जमाती ५७० च्या वर आहेत. या सरकारांकडे 'सार्वभौमत्व' आहे, म्हणजे आपल्या लोकांचा आणि आपल्या मुलखाचा कारभार आपण करायचा हक्क. हा हक्क अमेरिकेने त्यांना दिलेला नाही, अमेरिका जन्माला यायच्या आधीपासून तो त्यांच्याकडे होता आणि नंतर करारांमधून, तहांमधून अमेरिकेने तो मान्य केला. १८३१ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी जमातींना 'देशांतर्गत, अवलंबून असलेली राष्ट्रं' म्हटलं. म्हणजे स्वतंत्र सैन्य नाही, परराष्ट्र धोरण नाही, आणि अमेरिकेची संसद म्हणजे काँग्रेस त्यांच्या अधिकारांवर कात्री चालवू शकते. पण काँग्रेसने जे काढून घेतलेलं नाही ते जमातीकडेच राहतं. राज्य सरकार मात्र उठून त्यांना हुकूम सोडू शकत नाही. सगळं भांडण याच एका मुद्द्यावर फिरत असतं, हे लक्षात ठेवा.

चिकसॉ नेशनचा मुलूख ओक्लाहोमाच्या दक्षिण-मध्य भागात आहे, १३ काउंट्यांमध्ये पसरलेला, साधारण २० हजार चौरस किलोमीटर. राजधानी म्हणावी असं गाव एडा. नागरिक ८० हजारांच्या वर, त्यातले बरेच या मुलखाबाहेर राहतात. १९८३ ची स्वतःची राज्यघटना आहे, १३ जणांचं विधिमंडळ आहे, तीन न्यायाधीशांचं सुप्रीम कोर्ट आहे आणि चार वर्षांसाठी निवडून येणारा गव्हर्नर आहे. आणि चिकसॉ माणूस एकाच वेळी चिकसॉ नेशनचा, ओक्लाहोमाचा आणि अमेरिकेचा नागरिक असतो, तिन्ही ठिकाणी मत देतो.

मुळात हे लोक तिथले नव्हतेच

चिकसॉंची मूळ भूमी आजच्या मिसिसिपीचा उत्तर भाग, अलाबामाचा वायव्य कोपरा, टेनेसी आणि केंटकीचा काही भाग. कापसाच्या शेतीसाठी गोऱ्या वसाहतवाल्यांना ती जमीन हवी होती. १८३२ मध्ये पॉन्टोटॉक क्रीकचा तह झाला आणि चिकसॉंना आपली सगळी जमीन सोडायला लागली. पुढे १८३७ मध्ये त्यांनी शेजारच्या चॉक्टॉ जमातीला ५ लाख ३० हजार डॉलर मोजून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला राहायला जागा घेतली. म्हणजे हाकलून लावलेल्या लोकांनी आपल्याच पैशाने नवी जागा घेतली, हे वाचताना मला तरी पोटात ढवळतं. १८५५ च्या करारानंतर ते चॉक्टॉंपासून वेगळे झाले, १८५६ मध्ये तिशोमिंगो गावात घटना लिहिली आणि सायरस हॅरिस पहिले गव्हर्नर झाले.

हे घर पण टिकू दिलं नाही. १८९० च्या दशकात काँग्रेसने ठरवलं की जमातीची सामायिक जमीन तोडून माणशी वाटायची. त्यासाठी डॉझ कमिशनने नावांच्या याद्या केल्या, ज्यांना डॉझ रोल म्हणतात, आणि चिकसॉ-चॉक्टॉ माणसाला सरासरी प्रतीची ३२० एकर जमीन अशा हिशोबाने वाटप झालं. एकदा जमीन माणसाच्या नावावर आली आणि विकायची बंधनं सैल झाली की काय होतं ते वेगळं सांगायला नको, कर्ज, फसवणूक, कागदांवर अंगठे, आणि काही वर्षांत बहुतेक जमीन हातातून गेली. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं आणि सगळ्यांना वाटलं की चिकसॉ नेशनचा कारभार आता संपला.

साठ-पासष्ट वर्षं गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमला जायचा

१९०६ च्या कायद्याने या जमातींचे प्रमुख नेमायचा अधिकार अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाकडे गेला. डग्लस जॉन्स्टन हे लोकांनी निवडलेले गव्हर्नर होते, तेच राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीने १९३९ मध्ये मरेपर्यंत पदावर राहिले, नंतर फ्लॉइड मेटबी आले, १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी ओव्हर्टन जेम्स यांना नेमलं. म्हणजे दोन-अडीच पिढ्या अशा गेल्या की चिकसॉ माणसाने आपल्या गव्हर्नरसाठी कधी मतच दिलं नाही.

१९७० मध्ये काँग्रेसने कायदा बदलला आणि १९७१ मध्ये निवडणूक झाली, जेम्सच निवडून आले. या माणसाबद्दल फार बोललं जात नाही पण बोललं पाहिजे. हाताशी पैसा जवळपास नाही, कर्मचारी मोजके, तशात त्यांनी सल्फर गावातलं एक मोटेल जमातीसाठी विकत घेतलं, आणि आपल्या आईला व सावत्र वडिलांना चिकसॉ भाषेचा शब्दकोश करायला सांगितलं, तो १९७३ मध्ये छापून पण आला. एकीकडे मोटेल आणि एकीकडे शब्दकोश, पुढच्या पन्नास वर्षांत चिकसॉ नेशनने जे केलं त्याचं बी या दोन गोष्टींमध्ये दिसतं.

तिशोमिंगोचा मुलगा, शिक्षण अकाउंटिंगचं

बिल अनोआटबींचा जन्म ८ नोव्हेंबर १९४५ चा, टेक्ससमधल्या डेनिसनचा, पण वाढले तिशोमिंगोत, म्हणजे जिथे घटना लिहिली गेली त्याच गावात. वडील ते अगदी लहान असताना गेले, आईने एकटीने पोरांना वाढवलं. १९६४ मध्ये तिशोमिंगो हायस्कूलमधून बाहेर पडले, मग तिथलंच मरे स्टेट कॉलेज आणि पुढे एडाच्या ईस्ट सेंट्रल युनिव्हर्सिटीतून अकाउंटिंगची पदवी. काही वर्षं नॅशनल गार्डमध्ये होते. १९७५ मध्ये जमातीच्या आरोग्य विभागाचे प्रमुख म्हणून कामाला लागले, वर्षभरात फायनान्स विभाग त्यांच्याकडे आला, १९७९ मध्ये जेम्स यांच्याबरोबर लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, म्हणून निवडून आले आणि १९८७ मध्ये जेम्स बाजूला झाल्यावर गव्हर्नर.

आता १९७५ या वर्षाकडे नीट बघा, कारण सगळी गोम तिथे आहे.

आपल्याकडे सातबाऱ्यावर लहान मुलाचं नाव असलं की पुढे 'अ.पा.क.' लिहून आईचं किंवा काकाचं नाव येतं, अज्ञान पालनकर्ता. जमीन मुलाची, व्यवहार पालनकर्त्याच्या सहीने. आता समजा मुलगा चाळिशीला आला, त्याची पोरं शाळेत जायला लागली, तरी सातबाऱ्यावरचं अ.पा.क. निघालंच नाही, शेत खंडाने काका देतो, झाडं काका विकतो, पैसे काकाच्या खात्यात जमा होतात आणि मुलाला दवाखान्यासाठी पैसे लागले तर काकाकडे अर्ज करायचा. अमेरिकेतल्या जमातींची अवस्था जवळपास हीच होती. त्यांच्या जमिनी, लाकूड, पैसा फेडरल सरकारकडे 'ट्रस्ट'मध्ये, म्हणजे पालक म्हणून सांभाळायला, आणि दवाखाने, शाळा फेडरल खात्यांनी चालवायच्या. जानेवारी १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी आत्मनिर्णयाच्या कायद्यावर सही केली. त्यात एवढंच म्हटलं की फेडरल खातं तुमच्यासाठी जो कार्यक्रम चालवतं तो तुम्हाला स्वतः चालवायचा असेल तर करार करा, त्याचे पैसे तुम्हाला मिळतील. काकाने पैसे देणं थांबवायचं नाही, कारण जमिनीच्या बदल्यात तसं ठरलेलं आहे, पण दवाखाना कसा चालवायचा ते आता मुलगा ठरवेल.

कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात करार करायचा म्हणजे बजेट बनवता आलं पाहिजे, ऑडिटला तोंड देता आलं पाहिजे, पैसे कुठे गेले त्याची पै न पै दाखवता आली पाहिजे, नाहीतर फेडरल खातं म्हणणार की बघा, यांना जमत नाही. त्या वर्षी जमातीच्या ऑफिसात अकाउंटिंग शिकलेला एक तिशीचा माणूस येऊन बसला. याला मी योगायोग म्हणेन, पण पुढची बारा वर्षं त्याने ज्या चिकाटीने हिशोबाची घडी बसवली तो योगायोग नव्हता. सार्वभौमत्वावर भाषणं करणारे नेते बऱ्याच जमातींमध्ये झाले, अनोआटबी त्या अर्थाने गाजणारे वक्ते नाहीतच. त्यांनी सार्वभौमत्व वहीखात्यातून उभं केलं असं मला वाटतं, आणि त्यांच्या कामाचं खरं महत्त्व तेच आहे.

२५० माणसांपासून १३ हजारांच्या वर

१९८७ मध्ये गव्हर्नर झाले तेव्हा जमातीकडे साधारण २५० कर्मचारी आणि १ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास निधी, जवळपास सगळा फेडरल सरकारकडून आलेला. आज कर्मचारी १३ हजारांच्या वर आहेत आणि त्यातले पुष्कळ जण चिकसॉ नाहीत, त्या भागातले साधे ओक्लाहोमाकर आहेत. मधे काय झालं?

पहिलं म्हणजे कॅसिनो. १९८७ मध्येच सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियातल्या एका केसमध्ये म्हटलं की राज्यात ज्या खेळांना परवानगी आहे ते जमातींच्या जमिनीवर चालवायला राज्य सरकार आडकाठी करू शकत नाही, आणि १९८८ मध्ये काँग्रेसने त्यावर कायदा केला. मोठे जुगार चालवायचे तर राज्याशी करार करायचा, ज्याला 'कॉम्पॅक्ट' म्हणतात. ओक्लाहोमात २००४ मध्ये मतदारांनी या कॉम्पॅक्टला मंजुरी दिली. विनस्टारची जागा नकाशावर बघितली की हुशारी कळते, टेक्ससमध्ये असे कॅसिनो चालत नाहीत आणि डॅलस-फोर्ट वर्थची लाखो माणसं हायवेने तासा-दीड तासावर.

पण एकाच टोपलीत सगळं ठेवलं नाही. बेड्रे नावाची चॉकलेट कंपनी घेतली, २००२ मध्ये ओक्लाहोमा सिटीत बँक काढली जी आता चिकसॉ कम्युनिटी बँक नावाने चालते, फेडरल सरकारची कंत्राटं घेणारी कंपनी १९९६ मध्येच काढलेली होती, शिवाय हॉटेलं, घोड्यांच्या शर्यतीचे ट्रॅक.

आणि हा पैसा जिथे गेला ती गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. १९९४ मध्ये जमातीने आपली आरोग्य सेवा फेडरल खात्याकडून स्वतःच्या हातात घेतली. २०१० मध्ये एडात चिकसॉ नेशन मेडिकल सेंटर उभं राहिलं, ७२ बेडचं. यातली व्यवस्था जरा जवळून बघा. फेडरल आरोग्य खात्याची एक योजना अशी आहे की जमातीने स्वतःच्या पैशाने इमारत बांधायची आणि खात्याने डॉक्टर, नर्स आणि चालवण्याच्या खर्चाचा निधी द्यायचा. पैसेवाल्या जमातीलाच हे परवडतं, कारण इमारतीचे कोट्यवधी डॉलर आधी खिशातून घालायला लागतात. म्हणजे कॅसिनोतल्या नफ्याने फेडरल निधीचं दार उघडलं, आणि तो निधी तहांमुळे चिकसॉंना देणं लागत होताच. हिशोब येणाऱ्या माणसालाच अशी सांगड दिसते. मार्च २०२१ मध्ये याच यंत्रणेने कोविडची लस ओक्लाहोमातल्या कुणालाही द्यायला सुरुवात केली, जमातीचे असा नसा.

बरं, पण शेवटी जुगाराचाच पैसा ना?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावू नये. कॅसिनोत बसलेला सगळाच गिऱ्हाईक श्रीमंत नसतो, व्यसनाने घरं बसतात, हे तिथेही होतं. मला स्वतःला जुगारावर उभं राहिलेलं उत्पन्न फारसं रुचत नाही. पण दुसरी बाजू अशी की ज्या सरकारकडे जमीन उरली नाही ते कर कशावर लावणार? १९८८ च्या कायद्यात जुगाराचा नफा कशासाठी वापरायचा ते ठरवून दिलेलं आहे, जमातीचा कारभार, लोकांचं कल्याण, आर्थिक विकास, दानधर्म आणि स्थानिक प्रशासनाला मदत. काही जमाती नफ्याचा हिस्सा थेट माणसांच्या खात्यात टाकतात, चिकसॉंनी तो मार्ग धरला नाही, पैसा दवाखाने, स्कॉलरशिप, घरं, म्हाताऱ्यांची सोय यात घातला. निवडणुकीच्या दृष्टीने खात्यात पैसे टाकणं कितीतरी सोपं असतं, हे आपल्याला वेगळं सांगायची गरज नाही.

मग हे लोक टॅक्स भरतच नाहीत का?

भरतात. चिकसॉ माणूस फेडरल इन्कम टॅक्स भरतो. राज्याच्या टॅक्सचं थोडं वेगळं आहे आणि त्याची मोठी केस चिकसॉंचीच आहे, १९९५ ची. सुप्रीम कोर्टाने तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या, जमातीच्या जमिनीवर जमातीने विकलेल्या पेट्रोलवर राज्य टॅक्स लावू शकत नाही, पण जमातीचा माणूस जमातीच्या मुलखाबाहेर राहत असेल तर त्याच्या पगारावर राज्य इन्कम टॅक्स घेऊ शकतं. म्हणजे एक बाजू जिंकली, एक हरली.

कॅसिनोचा नफा हा सरकारचा पैसा धरला जातो म्हणून त्यावर कंपनीसारखा टॅक्स नाही. पण कॉम्पॅक्टप्रमाणे राज्याला हिस्सा जातो, इलेक्ट्रॉनिक खेळांवर ४ ते ६ टक्के आणि टेबलवरच्या खेळांवर १० टक्के, त्याच्या बदल्यात राज्याने इतरांना कॅसिनो काढू द्यायचे नाहीत.

याच टक्क्यांवरून २०१९ मध्ये ठिणगी पडली. गव्हर्नर स्टिट म्हणाले की १ जानेवारी २०२० ला कॉम्पॅक्ट संपतोय, नवा करू आणि टक्के वाढवू. जमाती म्हणाल्या करार वाचा, त्यात आपोआप नूतनीकरणाचं कलम आहे. गंमत म्हणजे स्टिट स्वतः चेरोकी जमातीचे नागरिक आहेत. ३१ डिसेंबर २०१९ ला, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, चिकसॉ, चॉक्टॉ आणि चेरोकी फेडरल कोर्टात गेले, कॅसिनो चालू ठेवले, आणि जुलै २०२० मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की करार १५ वर्षांसाठी आपोआप पुढे गेलेला आहे. मोर्चे नाहीत, आरडाओरडा नाही, करारातल्या एका कलमावर बोट ठेवलं आणि जिंकले.

भांडण कोर्टात, मिटवामिटवी टेबलावर

पाण्याचं उदाहरण यापेक्षाही चांगलं आहे. सार्डिस नावाचा तलाव चॉक्टॉंच्या मुलखात आहे, त्यातलं पाणी ओक्लाहोमा सिटीला द्यायचा व्यवहार राज्याने जमातींना न विचारता केला. २०११ मध्ये चिकसॉ आणि चॉक्टॉंनी मिळून केस टाकली. पाण्यावर मालकी कुणाची, हा प्रश्न शेवटपर्यंत लढवला असता तर वीस वर्षं गेली असती आणि कदाचित हरले पण असते. ऑगस्ट २०१६ मध्ये तोडगा निघाला, शहराला पाणी मिळेल पण तलावाची पातळी ठरलेल्या मर्यादेखाली जाऊ द्यायची नाही, आणि या भागातलं पाणी राज्याबाहेर न्यायचा विषय निघाला तर जमातींना त्यात स्थान. डिसेंबर २०१६ मध्ये काँग्रेसने त्यावर शिक्का मारला. पूर्ण विजय कुणाचाच नाही, पण कृष्णा-गोदावरीच्या पाणीवाटपाचे लवाद वर्षानुवर्षं बघणाऱ्या आपल्यासारख्यांना पाच वर्षांत तोडगा म्हणजे काय याची किंमत नक्की कळेल.

आणि त्या पालकाचा हिशोब? तोही मागितला. जमातींच्या जंगलजमिनी आणि पैसा फेडरल सरकारने नीट सांभाळला नाही म्हणून दोन्ही जमातींनी २००५ मध्ये केस केली होती, ती २०१५ मध्ये १८ कोटी ६० लाख डॉलरवर मिटली, त्यातले चिकसॉंचे ४ कोटी ६५ लाख.

समजा एडामध्ये चोरी झाली, पोलीस कुणाचे?

आता २०२० चा तो गाजलेला निकाल, मॅकगर्ट विरुद्ध ओक्लाहोमा. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की क्रीक जमातीचं रिझर्वेशन, म्हणजे तहाने त्यांच्यासाठी राखलेला मुलूख, काँग्रेसने कधी कायद्याने मोडलेलंच नाही, म्हणून ते अजून आहे. मार्च २०२१ मध्ये ओक्लाहोमाच्या कोर्टाने हेच चिकसॉंनाही लागू केलं. यात कुणाचं घर गेलं नाही, कुणाच्या जमिनीचा मालक बदलला नाही, बदललं ते गुन्ह्याचा खटला कोण चालवणार हे.

चोर आदिवासी जमातीचा असेल तर सहसा राज्य खटला चालवू शकत नाही, जमातीचं कोर्ट किंवा फेडरल कोर्ट चालवणार, खून-दरोड्यासारखे मोठे गुन्हे फेडरलकडे कारण जमातीच्या कोर्टाला मोठ्या शिक्षा द्यायचा अधिकार नाही. चोर आणि ज्याचं चोरीला गेलं तो, दोघंही जमातीबाहेरचे असतील तर राज्य. चोर बाहेरचा आणि फिर्यादी आदिवासी असेल तर आधी फक्त फेडरल, पण २०२२ मध्ये दुसऱ्या एका निकालाने राज्यालाही तिथे अधिकार दिला. रात्री दोन वाजता गाडी अडवणाऱ्या पोलिसाला हे कसं कळणार? म्हणून चिकसॉंच्या लाइटहॉर्स पोलिसांनी आजूबाजूच्या पोलिसांशी एकमेकांना अधिकार देणारे करार केलेत, जो आधी पोचेल तो पकडेल, खटला कुणाचा ते नंतर ठरेल.

२०२१ मध्ये खासदार टॉम कोल, जे स्वतः चिकसॉ आहेत, यांनी एक विधेयक आणलं की जमातीला वाटलं तर तिने खटल्यांबाबत राज्याशी करार करावा. अनोआटबी आणि चेरोकींचे प्रमुख त्याच्या बाजूने उभे राहिले, इतर काही जमातींनी विरोध केला, त्यांना वाटलं की एवढा मोठा विजय मिळाल्यावर राज्याला परत आत का घ्यायचं. विधेयक पुढे सरकलं नाही. पण माणसाचा स्वभाव यात दिसतो, हक्क मिळाल्यावरही बोलणीचं दार उघडं ठेवायचं. विरोधकांची भीतीही अगदीच निराधार नव्हती, राज्याने दिलेला शब्द मोडल्याचा इतिहास लांबलचक आहे.

हे वंशावरून दिलेले हक्क नाहीत का?

अमेरिकेत हा प्रश्न सारखा विचारला जातो. सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये उत्तर दिलं की जमातीचं सदस्यत्व ही राजकीय ओळख आहे, एका सरकारचं नागरिकत्व आहे. चिकसॉ नागरिक व्हायला 'इतकं टक्के रक्त' अशी अट नाही, डॉझ रोलमधल्या चिकसॉ पूर्वजाशी नातं दाखवायला लागतं.

पण इथेच सगळ्यात दुखरी जागा आहे. यादवी युद्धाच्या आधी श्रीमंत चिकसॉ लोक काळ्या माणसांना गुलाम म्हणून ठेवत होते, आणि युद्धात जमात दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवू बघणाऱ्या राज्यांच्या, बाजूने गेली. १८६६ च्या तहात या मुक्त झालेल्या लोकांना, ज्यांना फ्रीडमेन म्हणतात, नागरिक करून घ्यायचा विषय होता. चिकसॉंनी ते केलं नाही. डॉझ कमिशनने त्यांची वेगळी यादी केली आणि आज त्या यादीतल्या लोकांच्या वंशजांना नागरिकत्व मिळत नाही. चेरोकी नेशनने २०१७ च्या कोर्ट निकालानंतर आपल्या फ्रीडमेन वंशजांना पूर्ण नागरिक मानलं. चिकसॉंचं म्हणणं असं की तहाने आम्हाला करायची मुभा दिली होती, सक्ती नव्हती, आणि चेरोकींच्या तहाची भाषा वेगळी आहे. कायद्याने हे कदाचित बरोबर असेल. मला ते पटत नाही. जी जमात स्वतः यादीतल्या नावांच्या आधारावर तगली तिने शेजारच्याच यादीतल्या माणसांना बाहेर ठेवावं याचं वाईट वाटतं, आणि अनोआटबींच्या एवढ्या वर्षांच्या कारकिर्दीत हा प्रश्न सुटला नाही हे त्यांच्या नावावर राहणारच.

आणि एकच माणूस इतकी वर्षं?

१९८७ पासून दर चार वर्षांनी निवडणूक, २०२३ मध्ये दहावी टर्म, त्यातल्या बऱ्याच वेळा समोर उमेदवारच नाही. चिकसॉ घटनेत गव्हर्नरसाठी टर्मची मर्यादा नाही. २०१९ मध्ये जेफरसन कील निवृत्त झाल्यावर लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून आले ते अनोआटबींचेच चिरंजीव, ख्रिस. महाराष्ट्रातल्या वाचकाच्या भुवया उंचावतील आणि उंचावाव्यातच.

याच्या बाजूने एवढं म्हणता येतं की ज्या जमातीने साठ-पासष्ट वर्षं वॉशिंग्टनने नेमलेला प्रमुख सोसला तिला स्थिर कारभाराचं अप्रूप वाटणं समजू शकतं, राज्याचे गव्हर्नर दर चार-आठ वर्षांनी बदलतात आणि प्रत्येक नवा माणूस जुने करार नव्याने उकरतो, अशा वेळी समोर सगळे कागद तोंडपाठ असलेला माणूस असणं ही ताकद आहे. बिनविरोध निवडून येणं म्हणजे लोक खूश आहेत असंही असेल, किंवा समोर उभं राहायची हिंमत होत नसेल असंही असेल, बाहेरून सांगणं अवघड आहे. माझं मत विचाराल तर इतकी वर्षं एका हातात सत्ता राहणं कुठल्याच सरकारला चांगलं नसतं, मग काम कितीही चांगलं असो.

पैसा आल्यावर भाषेचं काय केलं

२००७ मध्ये चिकसॉ नेशनने भाषेसाठी वेगळा विभाग काढला. फक्त चिकसॉच येणारी, इंग्रजी न बोलणारी शेवटची बाई डिसेंबर २०१३ मध्ये गेली. अस्खलित बोलणारे आता अगदी थोडे उरलेत, बहुतेक वयस्कर. म्हणून तरुणांना पगार देऊन वर्षानुवर्षं या वृद्धांबरोबर बसवतात, दिवसभर फक्त चिकसॉत बोलायचं, आणि त्यातून नवीन बोलणारे तयार करायचे. सल्फरला २०१० मध्ये मोठं सांस्कृतिक केंद्र उघडलं, तिथे जुन्या पद्धतीचं गाव उभं केलंय, उन्हाळ्याचं घर वेगळं, हिवाळ्याचं वेगळं, मध्ये सभागृह, आणि पोरांना तिथे स्टॉम्प डान्स शिकवतात. स्वतःची प्रकाशन संस्था आहे. कॅसिनोतून येणाऱ्या पैशाचा हा उपयोग मला मनापासून आवडतो, कारण भाषा जगवण्यातून परतावा काही मिळत नाही आणि फेडरल अनुदानाच्या भरवशावर ते काम वर्षानुवर्षं चाललं नसतं.

अनोआटबींची सध्याची टर्म २०२७ पर्यंत आहे, तोवर ते ८१ वर्षांचे झालेले असतील. त्याच वर्षी जानेवारीत राज्याचे गव्हर्नर स्टिटही पायउतार होतात, त्यांना तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही. म्हणजे ओक्लाहोमाच्या टेबलावर त्या वर्षी एका बाजूला नक्की, आणि कदाचित दोन्ही बाजूंना, नवी माणसं बसलेली असतील, आणि कॉम्पॅक्टची १५ वर्षांची मुदत १ जानेवारी २०३५ ला पुन्हा यायची आहे.